दोन पाळक आणि एक सोफा

पाटोळ्यांच्या घरी रेव्हरंड शिरसाठ आधी आले आणि सोफ्याच्या डाव्या टोकाला बसले. पास्टर मयुरेश आले तेव्हा खुर्च्या सगळ्या भरलेल्या होत्या, रिकामं होतं ते त्याच सोफ्याचं उजवं टोक. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा त्यांना घेऊन आलेल्या जीवनकडे पाहिलं आणि "प्रेझ द लॉर्ड" म्हणून ते टेकले. रेव्हरंड म्हणाले, "सलाम." मध्ये प्रतिभानं भरतकाम केलेली एक उशी होती. ती दोघांपैकी कुणीच हलवली नाही.

स्वयंपाकघराच्या दारातून प्रतिभानं हे सगळं पाहिलं आणि चिवड्याचा डबा तसाच ओट्यावर ठेवला.

"अहो, जरा आत येता का?"

भारत आत आला. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाल्यावरही तो घरात शर्ट खोचूनच वावरायचा, आणि चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी असल्यामुळे त्याच्या खिशाला कायम पेन असायचं.

"दोन पाळक कसे काय?"

"मी एकच बोलावलाय," भारत म्हणाला. "बाबांनी सांगितलं, मंगळवारी ऑपरेशन आहे, त्याआधी घरात प्रार्थना ठेवू, पाळकसाहेबांना सांग. मी सांगितलं."

"मग दुसरे?"

"ते तुझ्या दिराला विचार. मी त्याच्याशी बोलत नाही."

आपण चहात साखर घेत नाही, हे माणूस ज्या आवाजात सांगतो, त्या आवाजात त्यानं हे सांगितलं. नऊ वर्षांत सवय झाली होती.

विचारायला जावं लागलं नाही. धाकटी जाऊ कुसुम केकच्या प्लेट लावत तिथंच उभी होती. "ताई, यांनाही बाबांनीच सांगितलं," ती हळूच म्हणाली. "म्हणाले, जीवन, तुझ्या पास्टरला आण."

तिघांनी एकदमच दारातून बाहेर पाहिलं. बाबा, म्हणजे फकिरराव, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसले होते. पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बंद, मांडीवर शाल. कळवणच्या मिशन शाळेत आयुष्यभर पोरं हाकलेला माणूस छताच्या पंख्याकडे असा बघत होता, की घरात काय चाललंय याची त्याला गंधवार्ता नाही. त्यांच्या हृदयाची झडप बिघडली होती. मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन करू म्हटलं होतं, पण या वयात खात्री देत नाही, हेही स्वच्छ सांगितलं होतं. दोन्ही मुलांनी ते वेगवेगळं जाऊन ऐकलं होतं, कारण एकत्र जायची पद्धत नव्हती.

पाटोळे घराण्यातल्या या दुफळीला कारण झालं होतं पाणी. कावीळ होऊन मरता मरता वाचल्यावर जीवनला सातपूरच्या एका मंडळीत शांती मिळाली. टायरच्या दुकानावरचा हॉल, गिटार, ड्रम, भिंतीवर पडद्यावर उमटणारी गाणी. तिथल्या लोकांनी त्याला सांगितलं, लहानपणी कपाळावर शिंपडलेलं पाणी बाप्तिस्मा म्हणून मोजत नाही, जाणत्या वयात बुडून घ्यावा लागतो. जीवननं एका जानेवारीत गंगापूर धरणाच्या पाण्यात बुडी घेतली. जुन्या चर्चच्या नियमात दुसरा बाप्तिस्मा बसत नाही. कमिटीनं त्याचं नाव कमी केलं आणि सेक्रेटरी या नात्यानं भारतनं तो ठराव भर उपासनेत वाचला, महिला मंडळाच्या सभेची सूचना आणि एक छत्री सापडल्याची सूचना यांच्या मध्ये. पुढच्याच आठवड्यात जीवननं हॉलमधल्या स्टेजवर साक्ष दिली, की आपण चाळीस वर्षं ज्या चर्चमध्ये होतो तिथं माणसाचं फक्त कपाळ ओलं होतं. कुणीतरी ते मोबाइलवर भारतला पाठवलं. पाठवणाऱ्यानं खाली हात जोडल्याचं चित्रही टाकलं होतं.

तेव्हापासून दोघे भाऊ बोलत नव्हते. शरणपूर रोडवर समोरासमोर आले तर एक जण दुकानात शिरायचा. घरातलं काही ठरवायचं झालं की निरोप प्रतिभामार्फत जायचा, आणि प्रतिभा रोज रात्री न चुकता प्रार्थना करायची, की प्रभू, या घरात ऐक्य दे.

फकिररावांनी मात्र कुणाचीच बाजू घेतली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते जीवनच्या गाडीत बसून सातपूरच्या हॉलला जायचे, बाकीच्या रविवारी भारतबरोबर जुन्या चर्चमध्ये. हे सगळ्यांना न्यायाचं वाटलं. प्रतिभाला त्यात एवढंच सलायचं, की चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि रस घेण्याचा विधी, पहिल्या रविवारीच असतं. म्हणजे ज्या वेदीपुढं बाबांचं लग्न लागलं, तिथं भाकर न घेता ते हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या कपातून घेणार. ती हे बोलून दाखवायची नाही. फक्त त्या रविवारी जेवताना भाजी जरा आपटून वाढायची.

आज शनिवार होता, उद्या तोच पहिला रविवार. चर्चच्या प्रभुभोजनाला लागणारा रस प्रतिभाच करायची. काळे मनुके रात्रभर भिजत घालायचे, दुपारी मंद आचेवर उकळायचे, पातळ फडक्यातून गाळायचे. हॉलमध्ये हे कुणाला जमत नव्हतं, म्हणून एक बाटली गुपचूप कुसुमच्या पिशवीत जायची. कमिटीला त्याची बातमी नव्हती. आज दुपारीही पातेलं चढलं आणि घरभर वास सुटला, तसे बाबा दर महिन्याप्रमाणे उठून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. डॉक्टरांनी चालायला मना केलं असतानाही बसले. म्हाताऱ्याला हा वास सोसत नाही, अशी प्रतिभाची समजूत होती.

"आता काय करायचं?" कुसुमनं विचारलं.

"काय करणार? प्रार्थना करायची," प्रतिभा म्हणाली आणि पदर खोचून बाहेर गेली.

प्रार्थना सुरू व्हायला वेळ लागला, कारण ती कुणी सुरू करायची हे ठरेना. रेव्हरंड म्हणाले, "आपण करा, पास्टर." पास्टर म्हणाले, "नाही नाही, आपण वडील." रेव्हरंड म्हणाले, तरुणांना संधी द्यावी. पास्टर म्हणाले, थोरांचा मान आधी. दोघेही मनापासून नम्र होते आणि दोघांनाही दुसऱ्याच्या आधी सुरू करून त्याला आपला पाहुणा करून घ्यायचं नव्हतं. शेवटी फकिरराव पंख्यावरची नजर न काढता म्हणाले, "शिरसाठ, तू गाणं सांग. मयुरेश, तू प्रार्थना कर. मंग शिरसाठ, तू कर. लय वेळ लावू नका, मला बसवत नाय."

गाणं झालं. चर्चच्या गायनमंडळात गाणारी प्रतिभा दिवाणखान्यातही वर कमान असल्यासारखी गायची, तिनं ते नीट तोलून धरलं. जीवननं मध्येच टाळी वाजवायला सुरुवात केली आणि कुणी साथ देईना तेव्हा तळवे मांडीवर ठेवले.

मग पास्टर मयुरेशनी प्रार्थना केली. ते मूळचे मालेगावचे, घरी यंत्रमाग, घरच्यांनी ठेवलेलं गणपतीचं नाव त्यांनी बदललं नव्हतं. मागांच्या खडखडाटात लहानाचे मोठे झाल्यामुळे असेल, पण त्यांना हळू बोलता येत नसे. त्यांनी फकिररावांच्या झडपेसाठी, डॉक्टरांच्या हातांसाठी, भूल देणाऱ्यासाठी मागितलं आणि मग म्हणाले, "प्रभू, या कुटुंबाला एक कर." एक म्हणताना त्यांचा हात आपोआप भारतच्या दिशेनं लांब झाला.

मग रेव्हरंडांनी शांत, घोटलेल्या शब्दांत प्रार्थना केली. तीही झडप, डॉक्टर, परिचारिका अशी येत येत तिथंच आली. "हे परमेश्वरा, जे दूर गेले त्यांना तुझ्या एका कळपात परत आण." प्रतिभानं मोठ्यानं आमेन म्हटलं. पास्टरांच्या वेळी ती ओठांतच म्हणाली होती, हे तिच्या त्याच क्षणी ध्यानात आलं आणि तिनं डोळे उघडले. समोर भारत मान डोलावत होता. जीवनच्या तोंडावर एक सहनशील हसू होतं. पास्टरांच्या वेळी नेमकं उलटं होतं. या खोलीत जमलेला प्रत्येक माणूस ऐक्य मागतोय आणि प्रत्येकाच्या मनात ते ऐक्य म्हणजे समोरच्यानं उठून आपल्याकडे येणं आहे. आपणही. रोज रात्री. तिला स्वतःची शरम वाटली, आणि शरम वाटल्याबरोबर चहाची आठवण झाली, म्हणून ती उठून आत गेली.

चहा, चिवडा आणि केक आल्यावर माणसं सैलावली. शेजारपाजारचे पाया पडून, हात हातात घेऊन, "बाबा, काही होत नाही, बुधवारी डबा घेऊन येतो" असं म्हणत निघाले. राहिले घरचे आणि दोन पाळक. चिवडा चांगला झाला होता. रेव्हरंडांनी उशीवर प्लेट ठेवली आणि पास्टरांनीही त्यातलाच एक काजू उचलला, तेव्हा प्रतिभाला जरा बरं वाटलं.

"पास्टर, एक सांगायचं होतं," रेव्हरंड आपुलकीनं म्हणाले. "उद्या पहिला रविवार. बाबा तुमच्याकडे असतील. ऑपरेशनच्या आधीचं प्रभुभोजन आहे, तर देताना जरा सांभाळून द्या. हात थरथरतो त्यांचा. प्याला तुम्हीच ओठांना लावा."

पास्टर चावायचे थांबले.

"आमच्याकडे?"

"म्हणजे तुमच्या हॉलमध्ये."

"पण रेव्हरंड, आम्ही कुठं देतो त्यांना? आमच्याकडे ज्यांनी बुडून बाप्तिस्मा घेतलाय त्यांनाच... मी एकदा बाबांना विचारलंही होतं, तुम्हाला वाईट वाटत नाही ना? ते म्हणाले, माझी सोय हाय. म्हणजे तुम्ही घरी येऊन देता ना, म्हाताऱ्या माणसांना देतात तसं. जीवनभाऊही तेच म्हणाले."

"मी?" रेव्हरंड म्हणाले. "या घरात मी आजवर चहाच घेतलाय."

भारतनं जीवनकडे पाहिलं, नऊ वर्षांत पहिल्यांदाच सरळ पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. प्रतिभाच्या हातात किटली होती. ती तिनं खाली ठेवली.

रेव्हरंडांचा आवाज एकदम खाली आला. "फकिरराव, कधीपासून?"

"जीवननं बुडी घेतली तेव्हापास्नं," म्हातारा म्हणाला. "तुला वाटायचं तिकडं घेतो, ह्याला वाटायचं तुझ्याकडं घेतो. दोघं भाऊ एकमेकाशी बोलत असते तर एका महिन्यात कळलं असतं. बोलत नव्हते म्हणून निभलं."

यात तक्रारीचा सूर नव्हता. वर्गात गणित कसं सुटलं ते सांगावं, तसं सांगितलं. पण प्रतिभाला ऐकवेना. फकिरराव म्हणजे असा माणूस, की सासूबाई सरुबाई गेल्या तेव्हा अंत्यविधीनंतर जेवायला बसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पहिला रविवार होता म्हणून वेदीपाशी जाऊन भाकर घेतली आणि म्हणाले, आता चालता येईल. तो माणूस महिन्यामागून महिने हॉलमध्ये हात मांडीवर ठेवून बसला, पुढून ट्रे गेला, आणि घरी येऊन 'छान झाली उपासना' म्हणाला.

आणि पायरी. दर महिन्याला पातेल्यातून वास सुटला की पायरीवर जाऊन बसणं. तिला वाटलं होतं, वास सोसत नाही. भुकेल्या माणसाच्या नाकाखाली ती इतकी वर्षं अन्न शिजवत होती आणि वर मनात म्हणत होती, म्हातारपणी माणूस किती चोखंदळ होतो.

"बाबा, पण का?" जीवन म्हणाला.

"वेदीपाशी देणगी घेऊन गेलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही हाय, तर देणगी तिथंच ठेव, आधी त्याच्याकडं जा. शिकवलंय ना मी तुम्हाला हे? तोंडपाठ करून घेतलंय. छडी खाल्लीय भारतनं त्याच्यापायी."

"पण ते आमचं झालं, बाबा," भारत म्हणाला. "तुमचं कुणाशी भांडण आहे?"

"माझं कुणाशी नाय. पण तुम्हाला भाऊ मी केलं. ते नीट झालं नाय म्हणून मी थांबलो."

यावर माणसांनी रडायला हवं होतं, आणि जीवनचे डोळे भरलेही. पण दुःख आलं की आधी दोष कुणाचा ते बघायची पाटोळ्यांची रीत.

"वहिनी, दादाला विचारा," जीवन म्हणाला. "कमिटीनं तो ठराव केला नसता तर ही वेळ आली असती का?"

"प्रतिभा, त्याला सांग," भारत म्हणाला, "ठराव नियमाप्रमाणे होता. कपाळ ओलं म्हणून जगभर सांगत सुटायचं हे कुठल्या नियमात बसतं?"

"वहिनी, त्यांना म्हणावं, ते भावनेच्या भरात..."

"भाऊजी," प्रतिभा म्हणाली, "दादा तुमच्यापासून दोन हातांवर बसलेत."

"हो, पण..."

"मी नाही सांगणार. अहो, तुमचंही सांगणार नाही. इतकी वर्षं मी तुमचे निरोप इकडून तिकडे नेतेय आणि मला वाटत होतं मी घर सांभाळतेय. मी होते म्हणून तुम्हाला बोलायची गरज पडली नाही. आणि खरं सांगू? मला ते आवडतही होतं. दोघांना माझीच गरज लागायची. आजपासून ते बंद. काय बोलायचं ते तोंडानं बोला, नाहीतर गप्प बसा."

दोघेही गप्प बसले.

रेव्हरंड घसा साफ करून म्हणाले, "फकिरराव, मी आत्ता जाऊन सामान घेऊन येतो. इथंच देतो तुम्हाला. ऑपरेशनला असं जाऊ नका."

"घाई मला नाय, शिरसाठ. घाई डॉक्टरला हाय."

"दोघांना एकत्र द्यायचं म्हणाल," रेव्हरंड पुढं म्हणाले, "तर जीवनच्या बाबतीत बिशपसाहेबांना विचारावं लागेल. महिना दीड महिना तरी."

"आमच्याही सीनियर पास्टरांना विचारावं लागेल," पास्टर मयुरेश म्हणाले. "ते पुण्याला असतात."

"मी ते मागितलंच नाय," म्हातारा म्हणाला. "तुमचे कायदे तुमच्यापाशी. ते सुटायला तुमचं आयुष्य जाईल, मला तेवढं नाय. मी म्हटलं, ह्या पोरांनी बोलावं. बास. मी देवाकडं रोज बुद्धी मागत होतो, की हे कसं जमवू. तो मागणाऱ्याला बोल न लावता देतो म्हणतात. मला एवढीच सुचली, की दोघांचे पाळक एका सोफ्यावर बसवावे. ह्याच्यापेक्षा बरी सुचली नाय."

कुणालाही हसू आलं नाही. भारतनं खिशातलं पेन काढलं, पाहिलं आणि परत खिशाला लावलं.

पाळक निघाले तेव्हा रेव्हरंडांना रिक्षा मिळेना. पास्टर मयुरेशनी बाईक काढली. गॅलरीत उभ्या राहिलेल्या दोन भावांनी पाहिलं, की रेव्हरंड पांढरी कॉलर सावरत मागं बसले, एक हात पास्टरांच्या खांद्यावर ठेवला आणि दोघे कॅनडा कॉर्नरच्या दिशेनं गेले. गॅलरीच्या एका टोकाला भारत होता, दुसऱ्या टोकाला जीवन. मधल्या दोरीवर पाळकांनी हात पुसलेले नॅपकिन वाळत होते. प्रतिभानं दार लोटून घेतलं आणि भांडी घासायला घेतली. तिनं कान देऊन पाहिलं. गॅलरीतून काहीच आवाज आला नाही.

सकाळी साडीला पिन लावताना तिनं सवयीनं प्रार्थना सुरू केली, की या घरात ऐक्य दे, आणि तिथंच अडकली. मागायचं कसं ते कळेना. शेवटी म्हणाली, "प्रभू, मला यातलं काही कळत नाही. तुला कळतं तसं कर." एवढ्या वर्षांत तिनं देवाला काय करायचं ते न सांगता केलेली ही पहिली प्रार्थना असावी.

जीवन नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला. बाबा कपडे करून तयार होते.

"आज हॉलला नाय," ते म्हणाले. "चर्चला सोड."

जीवननं हो म्हटलं. चर्चच्या फाटकापाशी सोडून जावं असा त्याचा विचार होता. पण फाटकापासून दारापर्यंत चढ आहे आणि बाबांना दहा पावलांवर धाप लागत होती, म्हणून दारापर्यंत आला. दारापासून शेवटच्या बाकापर्यंतही बाबांना एकट्यानं जाववेना, म्हणून बाकापर्यंत आला. आणि बाकावर बसल्यावर बाबांनी त्याचा हात सोडला नाही.

गायनमंडळाची जागा वेदीच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून. तिथून प्रतिभाला सगळं दिसत होतं. शेवटच्या बाकावर बाबा, शेजारी जीवन, मान खाली. माणसं वळून वळून बघत होती. भारत पहिल्या बाकावर होता आणि तो वळून बघत नव्हता. पण सूचना वाचताना त्यानं दोनदा चष्मा पुसला, आणि महिला मंडळाची सभा बुधवारी असताना गुरुवारी म्हणून सांगितली. तिला आठवेना, तो सूचनेत कधी चुकला होता ते.

प्रभुभोजनाच्या आधी एकमेकांना शांती म्हणायची वेळ येते. शेजारच्याचा हात हातात घ्यायचा, "प्रभूची शांती" म्हणायचं, फार तर मागच्या बाकाकडे वळायचं. भारत जागेवरून उठला. शेजारच्यांचा हात त्यानं घेतला नाही. मधल्या वाटेनं चालायला लागला. वाटेत लोक हात पुढं करत होते, ते त्याला दिसत नव्हते. शेवटच्या बाकापाशी जाऊन तो उभा राहिला. जीवनही उभा राहिला. प्रतिभाला तिथून ऐकू आलं नाही, पण कुसुमनं नंतर बाबांकडून विचारून घेतलं, काय बोलले ते.

भारत म्हणाला, "गाडी कुठं लावलीस?"

जीवन म्हणाला, "बाहेर. रस्त्यावरच."

"उचलून नेतात तिथून."

"नेऊ दे, दादा."

एवढंच. शांती हा शब्द दोघांपैकी कुणीच काढला नाही. पण भारतनं धाकट्या भावाचा हात धरला आणि तो लवकर सोडेना, तेव्हा त्याचे खांदे हलताना प्रतिभानं एवढ्या लांबून पाहिले. लग्नाला तीस वर्षं झाली होती, या माणसाला रडताना तिनं पाहिलं नव्हतं.

"चला," फकिरराव म्हणाले. "धरा मला."

एका बाजूनं भारत, एका बाजूनं जीवन, असे तिघे मधल्या वाटेनं आले. फार वेळ लागला. म्हाताऱ्याच्या छातीचा आवाज पुढच्या बाकांना ऐकू येत होता. वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकणं शक्य नव्हतं, म्हणून मुलांनी त्यांना काखेत हात घालून उभं धरलं. रेव्हरंड शिरसाठांनी भाकरीचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. हात इतका थरथरला की तो पडला असता. जीवननं खालून आपला हात लावला आणि बापाचा हात तोंडापर्यंत नेला. रेव्हरंडांनी प्याला ओठांना लावला. काल उकळलेला मनुक्यांचा रस. म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि कितीतरी वेळ गिळलंच नाही, तोंडात तसाच धरून ठेवला.

रेव्हरंड जीवनपुढं आले. देता येत नव्हतं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, ठेवायला हवा त्याहून जास्त वेळ ठेवला. मग ते भारतपुढं आले आणि भाकर पुढं केली. भारतला घेण्यात काहीच अडचण नव्हती. त्याचं नाव नोंदलेलं होतं, तो सेक्रेटरी होता, कठड्यामागं अख्खी मंडळी उभी होती. त्यानं जीवनकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

रेव्हरंडांना वाटलं, त्याच्या लक्षात आलं नाही. त्यांनी भाकर पुन्हा पुढं केली.

"याला मिळेल तेव्हा," भारत म्हणाला.

फकिररावांनी डोळे उघडले. थोरल्या मुलाकडे बराच वेळ पाहिलं.

"माझा उपास सुटला," ते म्हणाले, "तुझा लागला."

"हो, बाबा," भारत म्हणाला.

आता गायनमंडळानं गाणं सुरू करायचं होतं. ऑर्गनवाल्यानं सुरुवातीच्या ओळी वाजवल्या आणि प्रतिभाकडे पाहिलं. तिनं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. त्यानं त्या ओळी पुन्हा वाजवल्या.